आडवी रेघ, उभी रेघ

ज्यांच्या घरी जुन्या नळीचा टीव्ही होता त्यांना ती रेघ आठवत असेल. सिनेमा रंगात आलेला असताना चित्र अचानक वरून-खालून मिटायचे आणि पडद्याच्या बरोबर मधोमध एक पांढरीशुभ्र आडवी रेघ उरायची. आवाज मात्र ठणठणीत. आमच्याकडे येणारे दुरुस्तीवाले काका चपला काढता काढताच विचारत, “आवाज येतोय ना? मग व्हर्टिकल गेलंय.” आणि मग वडिलांकडे वळून, जरा रागानेच, “पण चालू कशाला ठेवलात? रेघ जळते ना पडद्यावर!”

काकांच्या त्या दोन वाक्यांत जुन्या टीव्हीचे निम्मे शास्त्र होते. पिक्चर ट्यूबच्या मानेतून इलेक्ट्रॉनांचा एक बारीक झोत निघतो आणि काचेच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर आदळतो. आदळतो तिथे प्रकाशाचा एक ठिपका उमटतो, बस्स. त्या ठिपक्याला मानेभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांनी हलवायचे असते. एक वेटोळे डावीकडून उजवीकडे, सेकंदाला १५,६२५ वेळा. दुसरे वरून खाली, सेकंदाला ५० वेळा. दोन्ही हालचाली जुळल्या की ६२५ ओळींचे चित्र होते. दुसरी हालचाल बंद पडली की सगळ्या ओळी एकमेकींवर रचल्या जातात. म्हणजे ती रेघ हे रिकामेपण नव्हे. अख्खे चित्र, नटनट्या, डोंगर, मोटारी, श्रेयनामावली, सगळे त्या एका रेघेत कोंबलेले असते. म्हणून ती इतकी झळाळते, आणि म्हणूनच काच जाळते.

हाच बिघाड नाम जून पाइक या कोरियन कलावंताने १९६३ साली कलाकृती म्हणून मांडला. ‘झेन फॉर टीव्ही’ हे तिचे नाव. आज पाइकच्या कामाचे जतन करणाऱ्या संग्रहालयांपुढे जो पेच आहे, तो या कृतीपासून पाहायला सुरुवात केली तर नीट कळतो. जुना टीव्ही ‘चालू स्थितीत आणणे’ म्हणजे नेमके काय करणे? काकांना हा प्रश्न कधी पडला नाही, पडायचे कारणही नव्हते. चित्र आले, पैसे घेतले, चहा प्यायला, झाले. पण बिघाड हीच कृती असेल तर तिची दुरुस्ती म्हणजे तिचा नाश, आणि बिघाड जपणे म्हणजे देखभाल.

पाइक १९३२ साली सोलमध्ये जन्मला, तोक्योत शिकला आणि संगीताच्या पुढच्या शिक्षणासाठी पश्चिम जर्मनीत गेला. १९६३च्या मार्चमध्ये वुपर्टाल शहरातल्या पार्नास गॅलरीत त्याचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. नावातच ‘संगीत’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक टेलिव्हिजन’ दोन्ही. दारात कापलेल्या बैलाचे मुंडके टांगले होते आणि आत मोडतोड केलेले पियानो होते. या गोंधळात लोकांनी टीव्ही किती बारकाईने पाहिले असतील याची मला शंकाच आहे. प्रदर्शन संध्याकाळी उघडत असे, कारण टीव्हीवर त्या वेळी काहीतरी असे. पाइकचे टीव्ही कोणती चित्रफीत दाखवत नव्हते. हवेतून येणारे प्रसारण घेऊन ते वाकडेतिकडे करत होते. एका टीव्हीला रेडिओ जोडला होता. आवाज वाढवला की पडद्यावरचा ठिपका मोठा होई. आणि एक संच वाहतुकीत बिघडला, त्यावर आडवी रेघ तेवढी उरली, अशी हकिकत सांगतात. पाइकने दुरुस्तीवाला बोलावला नाही. टीव्ही कुशीवर उभा केला. आडवी रेघ उभी झाली.

या एका कृतीचे समीक्षक म्हणून मला आजही अप्रूप वाटते. पाइकच्या नंतरच्या कामात गजबज फार आहे. इथे मात्र त्याने यंत्राला नव्वद अंशांत फिरवण्यापलीकडे काहीच केलेले नाही. आडवी रेघ म्हणजे बिघाड, हे घरातल्या पोरालाही कळते. उभी रेघ म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नसते. त्यामुळे पाहणारा तिच्यासमोर थबकतो. ‘झेन’ हा शब्द मला थोडा विकाऊ वाटतो. त्या काळच्या युरोप-अमेरिकेत तो स्वस्तही झाला होता. पण नावातला झेन बाजूला ठेवला तरी कृती उभी राहते, कारण तिच्यात खरोखर काहीतरी घडत असते. त्या रेघेत त्या क्षणाचे अख्खे प्रसारण दाबलेले असते. आपण ते पाहतोही आणि आपल्याला ते दिसतही नाही.

आता ही कृती जपायची कशी? या रेघेसमोरचा फॉस्फर झिजणारच. तेजस्विता कमी ठेवा, तास कमी करा, तरी झिजणारच. ही कृती स्वतःच्या पडद्यावर स्वतःची खूण कोरत जाते आणि शेवटी पडदा खाते. पाइकने स्वतः तिच्या आवृत्त्या नव्या टीव्हींवर पुन्हा केल्या. म्हणून संग्रहालयांच्या पाट्यांवर ‘१९६३/१९७६’, ‘१९६३/१९९०’ अशी जोडवर्षे दिसतात. मूळ यंत्राबद्दल त्याला सोवळेपणा नव्हता. पण एक गोष्ट या सगळ्या आवृत्त्यांत कायम आहे: रेघ झोताने काढलेली आहे. ती सपाट एलसीडी पडद्यावर दाखवायची असेल तर पांढऱ्या रेघेचे चित्र तयार करून दाखवावे लागेल. बघणाऱ्याला दोन पावलांवरून कदाचित फरक कळणारही नाही. तरी पहिलीत जग दाबून भरलेले आहे आणि दुसरीत फक्त पांढरा रंग आहे. दुसरी ही पहिलीची प्रतिकृतीसुद्धा नाही, तिचे पोस्टर आहे.

१९६५च्या ‘मॅग्नेट टीव्ही’त तर वादाला जागाच नाही. टीव्हीवर एक भलामोठा नालाच्या आकाराचा लोहचुंबक ठेवला आहे. झोत वाकतो आणि पडद्यावर फुलासारखा आकार उमलतो. एलसीडीवर चुंबक ठेवून पाहा. काहीही होत नाही. उलट टोकाला १९७५चा ‘कॅन्डल टीव्ही’ आहे: टीव्हीचे रिकामे खोके आणि आत पेटलेली मेणबत्ती. तिथे जतनाचा खर्च एका मेणबत्तीचा. आणि १९७४च्या ‘टीव्ही बुद्धा’त मूर्तीसमोर कॅमेरा आहे, कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर आहे आणि बुद्ध स्वतःकडे पाहतो आहे. पडदा बदलला तर ही कृती जखमी होईल, पण मरणार नाही.

म्हणजे एकाच कलावंताच्या कामात ‘चालू’ या शब्दाचे चार अर्थ आहेत. जतनाचा एकच नियम सगळ्यांना लावणारे संग्रहालय कुठेतरी चुकणारच.

*

हे सगळे आठवण्याचे कारण एक मनोरा. सोलजवळच्या ग्वाचॉन इथे दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयात पाइकची सगळ्यात मोठी कृती उभी आहे. सर्पिल उताराच्या मधोमध, साडेअठरा मीटर उंच, बौद्ध स्तूपासारखी वर निमुळती होत गेलेली. नाव ‘दादाइकसन’, म्हणजे जितके जास्त तितके बरे. वर्ष १९८८, सोल ऑलिम्पिकचे. टीव्हींची संख्या १,००३, कारण ३ ऑक्टोबर हा कोरियाचा राष्ट्रस्थापना दिन. खाली २५ इंची संच आणि वर जात जात ६ इंचीपर्यंत.

१९८८मध्ये ‘जितके जास्त तितके बरे’ हा विनोद होता आणि बढाईही. देश कारखान्यांतून टीव्ही ओतत होता. हजार टीव्ही एकावर एक रचणे ही श्रीमंती दाखवायची जागा होती. पण टीव्ही घरात दिवसाला चार तास चालतो आणि संग्रहालयात उघडल्यापासून बंद होईपर्यंत. त्यामुळे ट्यूबा लवकर म्हाताऱ्या झाल्या. २००३मध्ये सगळे संच बदलले गेले. त्यानंतर पुन्हा एकेक पडदा काळा पडू लागला आणि २०१८च्या फेब्रुवारीत विद्युत सुरक्षेच्या तपासणीनंतर मनोरा बंदच करावा लागला.

मग वाद सुरू झाला. सगळे पडदे सपाट करा, असे एक मत. विझलेला मनोरा तसाच ठेवा, असे दुसरे. काढूनच टाका, असेही. संग्रहालयाने २०१९मध्ये जाहीर केले की नळीचे टीव्ही शक्य तितके राखायचे. मग शोधाशोध, वापरलेले संच मिळवणे, एकेक तपासणे, थंड ठेवण्याची यंत्रणा सुधारणे, आठ चित्रफितींचे डिजिटलीकरण. १५ सप्टेंबर २०२२ रोजी मनोरा पुन्हा उजळला. १,००३पैकी ७३७ जागी दुरुस्त केलेले किंवा जुन्या बाजारातून आणलेले नळीचे संच आहेत. वरच्या भागातल्या ६ आणि १० इंची २६६ जागी एलसीडी आहेत. बाहेरचा आकार पूर्वीसारखा राहील अशा रीतीने खास बनवून घेतलेले.

या कामाचा आवाका समजायला दुरुस्तीच्या टेबलावर डोकवावे लागते. जुना संच एकदम प्लगमध्ये घालायचा नसतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या संचात इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकलेले असतात. पूर्ण दाब मिळताच ते फुगतात, फुटतात, सोबत आणखी दोन-चार भागांना घेऊन जातात. म्हणून जाणता माणूस डिमरस्टॅटवर व्होल्टेज हळूहळू चढवतो, किंवा आधीच सगळे कंडेन्सर बदलून टाकतो. सोल्डरचे टाके, विशेषतः जिथे भाग तापतो तिथले, भिंगातून पाहावे लागतात; तडा गेलेला टाका वरून शाबूतच दिसतो. संच बंद केल्यावरही रंगीत ट्यूबमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्टचा साठा राहू शकतो, तो आधी उतरवायचा. हे सगळे जमते. सुटे भाग मिळतात किंवा पर्यायी भाग बसवता येतो.

ट्यूब मात्र बनवता येत नाही. ‘ट्यूब वीक झाली’ हे वाक्य आपल्याकडे दवाखान्यातल्या निदानासारखे उच्चारले जायचे. मानेतल्या कॅथोडवरचा लेप झिजला की इलेक्ट्रॉन पुरेसे सुटत नाहीत. चित्र मळकट, सावकाश उजळणारे होते. फिलामेंटला थोडा जास्त व्होल्टेज देऊन काही महिने निभावता येते, पण ते उसने अवसान. पूर्वी मान कापून नवी गन बसवून, आतली हवा पुन्हा काढून ट्यूब नवी करणारी दुकाने अमेरिकेत आणि युरोपात होती. अमेरिकेतले त्यातले शेवटचे दुकान २०१०मध्ये बंद झाले. नव्या ट्यूबांचे म्हणाल, तर शेवटपर्यंत त्या बनवत राहिलेल्या मोजक्या मोठ्या उत्पादकांत आपल्या औरंगाबादच्या धूत घराण्याची व्हिडिओकॉन होती. तेही काम २०१५च्या सुमारास थांबले. तेव्हापासून जगातल्या पिक्चर ट्यूबांची संख्या फक्त कमी होते आहे.

आता ‘जितके जास्त तितके बरे’ या नावाचे काय झाले ते पाहा. विपुलतेवरचा विनोद टंचाईवर चालवावा लागतो आहे. जुन्या टीव्हींचा साठा करून ठेवायचा, गेलेल्या संचाच्या पोटातून भाग काढून दुसऱ्याला घालायचे, आणि मनोरा आठवड्यातले चार दिवस, दिवसाला दोन तास एवढाच लावायचा. काटकसरीने जळणारा नंदादीप. हा विरोधाभास संग्रहालयाचा दोष नाही. उलट दुरुस्तीने कृतीत आपोआप आलेला हा अर्थ १९८८मध्ये तिच्यात नव्हता, आणि माझ्या मते तो मूळच्या बढाईपेक्षा बरा आहे.

कारण, स्पष्टच सांगतो, ‘दादाइकसन’ ही पाइकची चांगली कृती मला वाटत नाही. हजार पडद्यांवर भराभर कापलेली, रंगांनी भडकवलेली दृश्ये पळतात. एकही पाहिले जात नाही, पाहिले जाऊ नये अशीच मांडणी आहे. लग्नाच्या हॉलमधल्या रोषणाईसमोर आपण उभे राहतो तसे तिच्यासमोर उभे राहायचे. मी हा मनोरा प्रत्यक्ष पाहिलेला नाही, चित्रफितींतून पाहिला आहे, म्हणजे एलसीडीवरच. त्यामुळे माझ्या मताला तेवढी वजावट द्यावी. पण संग्रहालयाने आपली सगळ्यात मोठी मेहनत ज्या कृतीवर खर्च केली तिला झोताच्या टीव्हीची गरज इतरांच्या मानाने कमी आहे, हे म्हणायला तिथे जाण्याची जरूर नाही. ‘मॅग्नेट टीव्ही’ला ती प्राणवायूसारखी आहे. ‘दादाइकसन’ला पडदे हवेत, पुष्कळ हवेत, आणि ते जरा फुगीर, जड, खोकेवजा असावेत, एवढेच तिचे मागणे.

मग ७३७ जुने संच राखण्याचा अट्टाहास चुकीचा होता का? मला तसे वाटत नाही. नळीच्या पडद्यावर कोणत्याही क्षणी पूर्ण चित्र नसतेच. एक ठिपका पळत असतो आणि त्याची विझत जाणारी शेपटी असते. चित्र पूर्ण करतो तो आपला डोळा. एलसीडी चित्र धरून ठेवतो. म्हणून हजार ट्यूबांचा थवा आणि हजार सपाट पट्ट्यांची भिंत यांचा उजेडच वेगळा. कोपऱ्यांत गोलावलेली काच, तिच्यावर पडलेले छताचे प्रतिबिंब, तिची ऊब, कानाच्या टोकाला जाणवणारी ती बारीक शीळ, हे सगळे मिळून जुना टीव्ही ही खोलीतली एक वस्तू असे. सपाट पडद्याला वस्तूपण कमीत कमी हवे असते. आणि मनोरा वस्तूंचाच असतो.

माझी तक्रार २६६ जागांबद्दल आहे. एलसीडी लावले म्हणून नव्हे. तेवढे छोटे संच मिळत नसतील तर दुसरे काय करणार? ते लपतील असे लावले, ही तक्रार. संग्रहालयाने आकडा जाहीर केला, त्यात लपवाछपवी नाही. पण कलाकृतीसमोर उभ्या माणसाला तो आकडा दिसत नाही. वरचे पडदे इतके उंच आणि छोटे आहेत की जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते हे खालून कळू नये, अशीच योजना आहे.

ज्या वर्षी पाइकने टीव्ही कुशीवर उभा केला त्याच १९६३मध्ये चेझारे ब्रांडी या इटालियन विद्वानाचा जीर्णोद्धाराच्या सिद्धान्तावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ब्रांडीने रोममधली जीर्णोद्धाराची राष्ट्रीय संस्था चालवली होती. तिथे भित्तिचित्रातली उडालेली जागा भरताना एक पद्धत रूढ झाली: बारीक उभ्या रेघांनी भरायचे. लांबून चित्र अखंड दिसते. जवळ गेले की रेघा दिसतात आणि कळते की इथले मूळ गेलेले आहे. डोळ्याला तुटल्यासारखे वाटू नये आणि डोळ्याला फसवूही नये, अशी ती तडजोड. पुन्हा उभ्या रेघाच, हा योगायोग मला आवडतो, त्यापलीकडे त्यात काही शोधत नाही.

ग्वाचॉनच्या वरच्या मजल्यांना अशा रेघा नाहीत. एलसीडी असल्याचे सांगणारा एखादा सपाटपणा उघडा ठेवता आला असता. जुना फुगीर आकार देण्याऐवजी सपाट पडदा सपाट म्हणून बसवता आला असता. मनोरा वर जाताना काळही पुढे जातो, खाली काच आणि वर पट्टी, असे त्याचे रूप झाले असते. पाइकला ते खपले असते असे मला वाटते. जो माणूस स्वतःच्या कृतीवर दोन-दोन वर्षे लिहायला तयार होता त्याला दोन प्रकारच्या पडद्यांची लाज वाटली नसती.

यावर उत्तर असे मिळेल की २००३मध्ये सगळे संच बदललेच होते, मग ‘मूळ’ म्हणून जपले ते कोणते? रास्त आहे. ७३७मध्ये १९८८चे काय उरले असेल? सांगाडा, क्रम, फिती, आणि झोताची रीत. म्हणजे संग्रहालयाने वस्तू जपलेल्या नाहीत, रीत जपली आहे. आणि २६६ जागी वस्तूचा आकार जपला, रीत सोडली. एकाच मनोऱ्यात दोन उलट तत्त्वे वापरली आणि मधला सांधा रंगवून टाकला. पुढच्या बिघाडांत हा सांधा खाली सरकत येणार. ६ आणि १० इंचीनंतर १४ इंचीची पाळी येईल. प्रत्येक वेळी आकार तोच राहिला तर कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि एक दिवस १,००३ सपाट पडदे फुगीर खोक्यांत बसलेले असतील.

आमच्या टीव्हीचे व्हर्टिकल काकांनी आयसी बदलून नीट केले. चित्र पुन्हा पडदाभर पसरले. पण आम्ही तो त्या दिवशी सिनेमा संपेपर्यंत, आवाजासाठी, चालूच ठेवला होता. त्यामुळे संच बंद असताना, दुपारचा उजेड तिरका पडला की, राखाडी काचेच्या मधोमध एक फिकट आडवा पट्टा दिसायचा. आईने तो ओल्या फडक्याने पुसून पाहिला होता.